दारात द्यायची गाडी

लहानपणी मला वाटायचं, बाबागाडीला बाबागाडी म्हणतात ते माझ्या बाबांमुळे. त्यात माझी फार चूक नव्हती. बाबा एकतीस वर्षं विमानतळावर मोठ्या सामानाच्या खिडकीवर होते. नेहमीच्या पट्ट्यावर जे मावत नाही ते सगळं त्यांच्याकडे यायचं. सायकली यायच्या, गिटारी यायच्या, गुंडाळलेले गालिचे यायचे. पण सगळ्यात जास्त यायचं ते तान्ह्या बाळांचं सामान. बाबागाड्या, मोटारीत बसवायच्या खुर्च्या, घडीचे पाळणे. "एवढासा जीव, आणि त्याच्यामागे चार माणसांचा संसार," असं ते घरी येऊन सांगायचे.

शाळा सुटल्यावर कधीकधी मी त्यांचा विसरलेला डबा पोचवायला जायची. खिडकी म्हणजे खरं तर एक लांबट खोली होती. पुढे पत्र्याचा ओटा, बाजूला जमिनीत बसवलेला वजनकाटा आणि मागच्या भिंतीत रबरी झालर लावलेलं मोठं भोक. सामान त्या झालरीतून आत ढकललं की दिसेनासं व्हायचं. खिळ्याला सुती नाडीचं रीळ टांगलेलं असायचं आणि ओट्यावर दोन गठ्ठे, पांढऱ्या चिठ्ठ्यांचा आणि पिवळ्या चिठ्ठ्यांचा. पांढरी चिठ्ठी प्रत्येक सामानाला. पिवळी फक्त बाबागाडीला, आणि तीही वाटेत विमान बदलणाऱ्या बाईच्या. पिवळी चिठ्ठी असली की मधल्या मुक्कामी गाडी विमानाच्या दारात आणून द्यायची. नसली की ती थेट शेवटच्या गावी जाणार, मग मधे बाळ कडेवर घेऊन आईने काय वाटेल ते करावं.

बाबांची पद्धत ठरलेली. आधी बाईला म्हणायचे, "घडी तुम्ही घाला." पुष्कळ बायका चिडायच्या. मागे रांग, कडेवर रडणारं पोर, आणि हा माणूस परीक्षा घेतोय. बाबा शांतपणे सांगायचे, "तिकडे उघडायला मी नसणार, बाई." मग चाकाला ब्रेक लावायचा, लोंबणारे पट्टे आत खोचायचे, नाडी दोनदा फिरवायची आणि गाठ मारताना तिच्यातच चिठ्ठी अडकवायची. या सगळ्यात दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पिवळी चिठ्ठी ओठांत धरलेली. गाठ पक्की होईपर्यंत ती ओठांतून निघत नसे. तेवढ्या वेळात त्या आया दहा प्रश्न विचारायच्या आणि बाबा भुवयांनी उत्तरं द्यायचे. बरोबरचे लोक त्यांना मौनीबाबा म्हणायचे. आई म्हणायची, "घरासाठीही एक गठ्ठा आणा. तुमच्या ओठांत द्यायला मला त्यातल्या चार-पाच रोज लागतील."

मला मात्र त्या कामाची लाज वाटायची. मैत्रिणींना मी सांगायची, बाबा विमानतळावर अधिकारी आहेत. एकदा एका मैत्रिणीने त्यांना गुडघ्यावर बसून कुणाच्या गाडीच्या चाकातला च्युइंगगम काढताना पाहिलं, आणि मी तिला सांगितलं की ते तपासणी करताहेत. त्या लाजेची आज लाज वाटते.

माझी लेक पोटात असतानाच नवऱ्याला समुद्रापलीकडे नोकरी लागली आणि तो गेला. लेक सात महिन्यांची झाली तरी त्याने तिला फोटोतच पाहिलं होतं. शेवटी कागदपत्रं आली आणि मी निघायचं ठरलं, बाळाला घेऊन, एकटीने. मधे एकदा विमान बदलायचं, आणि त्यासाठी वेळ एक तास दहा मिनिटं. ते विमान चुकलं तर पुढचं तीन दिवसांनी. विमानात कधी पाय न ठेवलेल्या मला त्या तीन दिवसांनी घाम फुटायचा.

बाबांनी पंधरा दिवस आधी तालीम सुरू केली. कडेवर साखरेची पिशवी, वजनाला पुरेना म्हणून तिच्यात दोन विटा, आणि एका हाताने गाडीची घडी. पायाने खिट्टी दाबायची, मांडीने दांडा रेटायचा. पिशवी पडली की बाबा म्हणायचे, "पडलं पोर. पुन्हा." मी वैतागून म्हणाले, "बाबा, माझं पोर विटांचं नाहीये." ते म्हणाले, "विटा वळवळत तरी नाहीत." त्यात सासूबाईंनी नातीसाठी प्लास्टिकचा भलामोठा टब पाठवला. आईने तो दारात उभा केला आणि म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं." टब गेला, सुखरूप पोचलाही, आणि माझी लेक त्यात एकदाही बसली नाही. त्यात आम्ही वर्षानुवर्षं कांदे ठेवले.

निघायच्या दिवशी आई मला सोडायला आली. बाबांनी रजा घेतली नव्हती. उलट पाळी बदलून मुद्दाम खिडकीवर उभे राहिले होते. मला त्याचा रागच आला. लोकांचे वडील मुलीला निरोप द्यायला येतात, माझे ओट्यापलीकडे बिल्ला लावून उभे. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी ओळख दाखवली नाही. म्हणाले, "घडी घाल." रांगेसमोर, मला. मी दात-ओठ खात लेकीला कडेवर घेऊन, एका हाताने, पायाने खिट्टी दाबून घडी घातली. एका दमात झाली. मागच्या बाईने "वा" म्हटलं. बाबांनी काहीच म्हटलं नाही, कारण तोवर पिवळी चिठ्ठी ओठांत गेली होती.

ते नाडी फिरवत होते आणि मी बघत होते. वाटलं, असाच निरोप होणार, तोंडात कागद धरून. तेवढ्यात लेकीने हात लांब केला, तिला ती पिवळी चिठ्ठी हवी होती. बाबा थांबले. ओठांतली चिठ्ठी काढून शर्टाच्या खिशात टाकली, तिचा पंजा दोन्ही हातांत धरला आणि त्याचा पापा घेतला. मग मला म्हणाले, "घाबरू नकोस. तू दारात यायच्या आधी गाडी दारात असेल." पुन्हा वाकून गाठ आवळली आणि गाडी झालरीतून आत ढकलली. मी रडत आणि हसत पुढे गेले. त्या खिडकीवर एवढं बोललेले ते मला आठवतच नव्हते.

मधल्या विमानतळावर मी विमानाच्या दारात उभी राहिले. एक गाडी आली, ती निळी. दुसरी आली, तिच्यात जुळी बसली. माझी आली नाही. विमान आधीच अर्धा तास उशिरा पोचलं होतं, म्हणजे हातात चाळीस मिनिटं. तिथल्या माणसाने यादी बघून सांगितलं, "तुमच्या गाडीला पिवळी चिठ्ठीच नाही. ती पुढे गेली." मी म्हणाले, शक्य नाही, माझ्या बाबांनी बांधलीय. त्याने खांदे उडवले. एका खांद्यावर दुपट्यांची पिशवी, दुसऱ्यावर माझी, कडेवर झोपेतून उठून भोकाड पसरलेली लेक, आणि पुढचं विमान त्या टोकाला. मी धावले. सरकत्या पट्ट्यांवरून, लोकांना कोपराने बाजूला सारत धावले आणि मनातल्या मनात बाबांना नाही नाही ते बोलले. साऱ्या जगाच्या आयांच्या गाड्या दारात, आणि स्वतःच्या मुलीची? दिव्याखाली अंधार. पण एक सांगते, लेक कडेवरून इंचभर घसरली नाही. त्या विटांना त्याचं श्रेय द्यायला हवं. दार बंद करता करता त्यांनी मला आत घेतलं.

पलीकडे पोचले, नवऱ्याने लेकीला हातात घेतलं आणि तो तिच्याकडे बघत नुसता उभा राहिला. गाडी मोठ्या सामानाच्या पट्ट्यावरून आली. बाबांची गाठ जशीच्या तशी होती, तिच्यात पांढरी चिठ्ठी होती, पिवळी नव्हती. पोचल्यावर घरी फोन करायचा ठरला होता. बोलायचं काय ते मी मोटारीत पाठच केलं होतं. पहिल्याच घंटीला बाबांनी उचलला. मी पोचले का, बाळ कसं आहे, काही नाही. एकदम म्हणाले, "गाडी दारात आली?" आवाज इतका बारीक होता की मला तो त्यांचा वाटेना. पाठ केलेलं सगळं राहिलं. मी म्हणाले, "आली की. माझ्या आधी उभी होती." ते "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

पुढे पाच वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात वरिष्ठ म्हणाले, मौनीबाबांच्या हातून एकतीस वर्षांत एकही गाडी चुकली नाही. आईने फोनवर सांगितलं, सगळे टाळ्या वाजवत होते आणि हे खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, विनय. मनात म्हटलं, चला, माझं खोटं कामी आलं.

आता आई नाही. बाबा ब्याऐंशीचे आहेत. गेल्या महिन्यात माझी तीच लेक तिच्या सहा महिन्यांच्या मुलाला घेऊन त्यांना भेटायला आली, मीही आले. तिची गाडी एक बटण दाबलं की आपोआप मिटते. बाबांनी तीनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मग आईने करायचं काय?" निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी आपल्या खुर्चीपाशी मागवली. कपाटातून नाडीचं रीळ काढलं, आणि पाकिटातून, आईच्या फोटोमागून, चार घड्या घातलेली एक पिवळी चिठ्ठी. घड्यांवर कागद विरला होता. त्यांच्या अक्षरात माझं नाव होतं आणि त्या दिवसाची तारीख.

मी म्हणाले, "ही तुमच्याकडे?"

"त्याच संध्याकाळी सापडली. शर्ट धुवायला टाकताना."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं? मग विचारलंत कशाला?"

"तू चिडशील, चार शब्द सुनावशील, म्हणजे मला जरा बरं वाटेल म्हणून." ते रिळातून नाडी ओढत होते. "मला काय दिसत होतं माहितेय? तू तिथेच राहिलीस, पोर कडेवर, तीन दिवस. अन्न जात नव्हतं. तुझी आई ओरडून दमली. मग तू म्हणालीस, आली. माझ्या आधी उभी होती म्हणालीस. मला कळलं, खोटं बोलतेय, म्हणजे धड पोचलीय. तेव्हा कुठे ताट वाढायला सांगितलं."

सत्तावीस वर्षं मी समजत होते, मी त्यांना सांभाळतेय. लेक सरळ म्हणाली, "आजोबा, ही जुनी चिठ्ठी विमानतळावर कोण मानणार?"

"त्यांची ते लावतील," बाबा म्हणाले. "ही माझी बांधायची राहिलीय."

त्यांनी चिठ्ठी ओठांत धरली आणि नाडी फिरवायला घेतली. आता त्यांना वेळ लागत होता. माझ्या कडेवरच्या नातवाने ती पिवळी चिठ्ठी पाहिली आणि हात लांब केला, अगदी त्याच्या आईसारखा. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, भुवया वर केल्या, थांब म्हणून, आणि मान पुन्हा खाली घातली. चिठ्ठी गाठीत गेली. त्यांनी गाठ दोनदा ओढून पाहिली. मग हात पुढे केले आणि म्हणाले, "आता दे त्याला माझ्याकडे."