बूटेबल पेन ड्राइव्ह आणि चाचांची बोलणी

हिमायतनगरच्या त्या पोरीवर मी जेवढी जळले, तेवढी सख्ख्या जावेवरही जळले नाही.

अहमदपूरला बसस्टँडच्या मागं चाचांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बारावी झाल्यापासून मी तिथंच. चाचा नात्यातले नव्हते, पण हातात स्क्रू ड्रायव्हर त्यांनीच दिला, म्हणून माझे उस्ताद. त्यांचं नांदेडला लेकाकडं कायमचं जायचं चाललं होतं आणि दुकान ते मलाच देणार, हे मी मनात पक्कं धरलं होतं. तेवढ्यात ही पोरगी आली. राहायची मावशीकडं, शिकायला आमच्याकडं.

आमच्याकडं निम्मं काम एकच. कॉम्प्युटर चालू होईना, पडदा काळाच्या काळा. मग विंडोज भरलेला बूटेबल पेन ड्राइव्ह लावायचा, मशीन त्याच्यावरून उठवायची आणि आतला माल वाचवायचा. हा पेन ड्राइव्ह बनवताना आधी त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं. म्हणून चाचांचा दंडक होता. बनवायला बसण्याआधी मशीनला लावलेले बाकीचे सगळे पेन ड्राइव्ह काढून चहाच्या बशीत ठेवायचे, मगच माउसला हात लावायचा.

ही बया एक दिवस बशी विसरली. एका फोटोग्राफरचा लग्नाचे फोटो भरलेला पेन ड्राइव्ह मशीनलाच होता आणि हिनं नेमका तोच निवडला. लग्न गेलं, विंडोज आलं.

मला आतून गुदगुल्या झाल्या. आता हिची गठडी वळते म्हटलं. चाचा असे कडाडले की शेजारच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. "डोकं घरी ठेवून आलीस का? लोकांचं लग्न पुसून बसलीस!" पोरगी रडायला लागली. मी तिला पाणीसुद्धा आणून दिलं, एवढी खूश होते.

आणि मग चाचांनी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर लावून अख्खी दुपार तिला शिकवत राहिले. हे दाब. ते नको गं येडे. आता थांब. बरेच फोटो परत आले, काही गेले ते गेलेच. फोटोग्राफरचा राग चाचांनी स्वतःच्या अंगावर घेतला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याशेजारी ते असे कधी बसले होते? मी लांबून बघून बघून शिकले. चुकले नाही, म्हणून बोलणीही खाल्ली नाहीत. काम करून पुढं ठेवायचं, ते "हाव, ठीक हाय" म्हणायचे आणि चहा सांगायचे. इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला एवढंच.

मग मी हात धुऊन तिच्या मागं लागले. तिनं बनवलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह मी दुकानातल्या सगळ्यात जुन्या मशीनला लावून बघायची. त्याच्यावरून मशीन उठली नाही की नेऊन चाचांपुढं ठेवायची. "जुन्या मशीनला चालंल असा बनवलाच न्हाई हिनं." वाटायचं, आता तरी हाकलतील. चाचा तिला झापायचे आणि परत स्टूल ओढायचे. म्हणजे तिची शिकवणी मीच वाढवून राहिले होते.

निघायच्या दिवशी चाचांनी दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

"दुकान तुझं. तुला सांगावं असं माझ्यापाशी काही राहिलं न्हाई."

मी लगेच पोरीकडं बघितलं. तिचं पडलेलं तोंड मला बघायचं होतं. ती तर खुशाल हसत होती.

"हिला नांदेडला नेतो," चाचा म्हणाले. "लेकाच्या दुकानात माझ्याजवळ बसंल, घरी चाचीपाशी राहील. हिचं शिकणं लई बाकी हाय अजून."

"आणि मी?" तोंडापर्यंत आलं होतं. पण मागणार काय? दुकान तर मिळालं होतं.

स्टँडवर सोडायला गेले. पोरगी पाया पडली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही कसातरीच. दोघं नांदेडच्या गाडीत चढली. खिडकीतून दिसलं, तिनं पिशवी भलतीकडंच ठेवली होती आणि चाचा त्यावरून तिला झापत होते. ती मान खाली घालून ऐकत होती. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी तिथंच उभी होते. किल्ल्या मुठीत होत्या आणि मला त्या पोरीच्या जागी बसून बोलणी खायची होती.