शिफारसपत्राचा मजकूर

कंत्राट संपलं, शिक्रापूरची भाड्याची खोली सोडली आणि आम्ही नवरा-बायको केडगावला घरी परतलो, त्याला सहा महिने होत आले होते. तेवढ्या काळात मी इतक्या कंपन्यांच्या गेटवर उभा राहिलो की दोन-तीन वॉचमन मला चहा विचारू लागले. आत कुणी म्हणे वय जास्त आहे, कुणी म्हणे बायोडाटा ठेवून जा. चर्चच्या मंडळीतली माणसं भेटली की म्हणायची, "देवाची वेळ असते." हे मला नेहमी नोकरी असलेल्यांनीच सांगितलं. मी मान डोलवायचो आणि आतून चडफडायचो.

अशात गावातल्याच मिशनच्या एका मुलींच्या वसतिगृहात कोठीवर माणूस हवा असल्याचं कळलं. धान्य, तेल, साबण मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. घरापासून सायकलवर दहा मिनिटं. मला तर ती नोकरी माझ्यासाठीच राखून ठेवल्यासारखी वाटली. अट एकच होती: अर्जाला आपल्या मंडळीच्या पाळकांचं, म्हणजे पाद्रीसाहेबांचं, पत्र जोडायचं. माणूस विश्वासू आहे, उपासनेला नियमित येतो, असं.

आमचे पाळक सत्तरीला टेकलेले. आमचं लग्न त्यांनीच लावलेलं. रविवारी उपासना सुटल्यावर विचारलं, तर म्हणाले, "मजकूर तूच लिहून आण, मी सही करतो." आमच्याकडे ही रीतच आहे. पत्र ज्याला हवं त्यानं आपली स्तुती आपणच लिहायची आणि मोठ्या माणसानं खाली सही ठोकायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

घरी येऊन लिहायला बसलो. 'सदर गृहस्थ लहानपणापासून आजतागायत आमच्या मंडळीत नियमित उपासनेस येत असून अत्यंत विश्वासू आहेत.' हात झरझर चालला. मग वाचून पाहिलं आणि सदर गृहस्थ कोण, असा प्रश्न पडला.

शिक्रापूरला चार वर्षं होतो. त्या चार वर्षांत मी एकदाही उपासनेला गेलो नाही. रविवारी ओव्हरटाइम असायचा. तो सक्तीचा होता, असं मी बायकोला सांगत असे. खरं तर यादीत नाव मीच घालायचो. कंपनीत माझं काम तयार माल तपासण्याचं. गेज लावायचा, माप घ्यायचं, रिपोर्टवर सही करायची. गाडी भरायची घाई असली की मी आधी सही करायचो आणि माप राहूनच जायचं. पुढं पुढं तर घाई नसतानाही राहू लागलं. त्यावरून कधी काही बिघडलं नाही, कुणी बोललं नाही, म्हणून मी स्वतःला चोख समजत होतो.

आणि नोकरी गेल्यापासून मात्र एकही रविवार चुकवला नव्हता. दुसऱ्या बाकावर, पाळकांना दिसेन असा बसायचो. देवापुढं मी बायोडाटा घेऊनच उभा होतो, हे त्या कागदावर पेन टेकवल्यावर कळलं. लाज वाटली.

एक गोष्ट बायकोच्या लक्षात आली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा घेतात. त्याच्या आदल्या रविवारी पाळक न चुकता सांगतात, आपापली परीक्षा करून या, मनात खोट ठेवून भाकर घेऊ नका. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं. माझ्यापर्यंत आलं की मी ते न घेता पुढं सरकवायचो. "दर महिन्याला त्याच दिवशी पोट बिघडतंय व्हय तुमचं?" असं तिनं एकदा विचारलंही होतं. आता पुढच्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन होतं.

मजकूर तिला दाखवला. ती म्हणाली, "चांगलं लिवलंय की. द्या जाऊन." सोमवारी सकाळी गेलो.

पाळकांनी कागद घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. चष्मा खिशातच होता.

"वाचून तर बघा," मी म्हणालो.

"तू लिवलंयस ना? मग बघायचं काय?"

माझी कंपनीतली सही मला तिथं दिसली. मी कागदावर हात ठेवला. "पाळकसाहेब, यातलं नियमित खोटं हाय. चार वर्षं मी आलोच न्हाई."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "मी असतो की तिथं दर रविवारी."

"मग सही कशी करत होता?"

त्यांनी टोपण पेनाला परत लावलं. "सहा महिने झालं, तुझा चेहरा बघतोय. न्हाई म्हणवंना."

म्हणजे माझं खोटं ते जाणूनबुजून आपल्या नावावर घेणार होते. या वयात, माझ्यासाठी. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

तिथंच बसून दुसरा कागद लिहिला. हे गृहस्थ याच मंडळीत वाढले. मधली चार वर्षं उपासनेस आले नाहीत. सहा महिन्यांपासून येतात, गरज पडली म्हणून. कोठीचं काम त्यांना जमेल. पाळकांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं आणि मग सही केली. तेच पत्र मी अर्जाला जोडलं.

शनिवारी वसतिगृहातून निरोप आला. दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं. बायको भडकली. "एवढं खरं बोलायची काय गरज व्हती?" म्हणाली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

रविवारीही ती घुश्श्यातच शेजारी बसली होती. ताट आलं. तिनं आपला तुकडा घेतला आणि सवयीनं ताट माझ्या पलीकडच्या माणसाकडं द्यायला हात लांबवला. मी तिचा हात धरून थांबवला आणि माझा तुकडा घेतला.