तळ्याची गळती

“गळतं तळं दुरुस्त केलं, हा माझा गुन्हा झाला का?” श्यामसुंदरराव कडाडले.

“मला विचारून केलंत?” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “गळती थांबली आणि सोनटक्का माना टाकून बसला. कळ्या गळायला लागल्यात.”

“मग घाला की पाणी.”

“आठवडाभर तेच करतेय. गुडघा बघा माझा.”

कर्वेनगरातला हा बंगला श्यामसुंदररावांनीच आखला. पाटबंधारे खात्यात उभा जन्म गेलेला माणूस. स्वयंपाकघराचा ओटासुद्धा आपल्या मापाने उंच घेतला. मंदाकिनीबाई पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत. बागेतल्या तळ्याचाही नकाशा होता. नकाशात नव्हती ती फक्त चीर. तिच्यातून पाझरून एका काठाची माती कायम ओली राहू लागली. तिथे गुलाब कुजले. मग कात्रजहून भाजी घेऊन येणाऱ्या सोजरबाईने ओल्या फडक्यात बांधून सोनटक्क्याचे कंद दिले. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो काठ पांढरा होई. गौरींना कॉलनीतल्या बायका फुलं मागायला मंदाकिनीबाईंकडे येत. साहेबांचं घर हे त्या दिवसांपुरतं बाईंचं घर होई.

यंदा श्रावण कोरडा निघाला. नळ दिवसाआड येऊ लागला आणि निवृत्त श्यामसुंदररावांना गळती बोचायला लागली. बाई बहिणीकडे गेल्या होत्या तेवढ्यात त्यांनी चीर सिमेंटने बुजवून घेतली. तळं काठोकाठ भरलं, शेजारची माती भेगाळली. बाई तळ्यातलं पाणी उपसून घालत, पण ते वरच्यावर वाहून जाई. मुळांना खालून मिळणारी ओल त्याने थोडीच भरून निघणार?

श्यामसुंदररावांनी तळ्याचं पाणी मोजायची काठी दाखवली. “चार बोटं उतरलंय तळं. खडकवासल्यात पाणी नाही आणि तुम्ही फुलांना पाजताय!”

“तळ्यातल्या माशांना पाणी दिलेलं चालतं वाटतं?”

“तळ्यात पाणी असायचंच.”

नीरजा, त्यांची सून, पानं घेता घेता थांबली. “आई, पुढच्या वर्षी नवे कंद लावू या का?”

“हे आधी जगू देत.”

“यापुढे एक बादली उपसायची नाही,” श्यामसुंदरराव म्हणाले. “आणि चीर उघडलीत तर मी तळं भरणार नाही. सांगून ठेवतो.”

मंदाकिनीबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

“नका भरू. गवंड्याला सांगितलंय, उद्या सकाळी सिमेंट फोडायचं. तळं आटलं तर आटू दे. मासे पिंपात ठेवीन. पानं घेतलीत, बसा.”