पक्केकाकांनी कापलेला जोड

लोखंडी कामाच्या कारखान्यात त्यांना सगळे पक्केकाका म्हणत. तीस वर्षांत त्यांचा एकही जोड हलला नव्हता. त्यामुळे गोदामातल्या नव्या माळ्याचा नकाशा हातात आला तेव्हा ते चक्रावलेच. तुळईच्या एका टोकाला पुरतं वेल्डिंग. दुसऱ्या टोकाला, जुन्या खांबापाशी, नुसते तुळईच्या मधल्या उभ्या पत्र्याला चार बोल्ट. तिची वरची-खालची आडवी पट्टी मोकळी, खांबापासून बोटभर लांब.

"नकाशा काढताना डुलकी लागली असेल," म्हणत काकांनी फटीत तुकडे भरून पट्ट्याही वेल्ड केल्या.

दुसऱ्या दिवशी नकाशा काढणाऱ्या इंजिनियरबाईंनी शिडी चढून जोड तपासला.

"काका, हे वेल्डिंग कापावं लागेल."

"कच्चं राहिलं का?"

"जास्त पक्कं झालंय. वर माल आला की तुळई मधे वाकणार. टोक जखडलेलं असलं, तर ती खांबालाही वाकवायला बघणार. हा खांब बारीक आहे, त्याला ते झेपायचं नाही. टोक जरा फिरू द्या."

"म्हणजे हलू द्यायचं?"

"हलू नाही, फिरू. बिजागरीसारखं, जागच्या जागी."

काकांना फरक काही उमगेना. "खांब बारीक, तर मग तुळई तरी हलकी घ्यायची."

"उलट. टोकाचा आधार कमी झाला, म्हणून तर जाड घेतली."

काकांनी मान डोलावली. अर्धा दिवस ते स्वतःचंच काम ग्राइंडरने कापत बसले.

रात्री जेवताना हे ऐकून बायकोने विचारलं, "चुकलं होतं का हो?"

"तेच तर कळत नाही."

"मग पुन्हा विचारा त्यांना."

"त्यांच्यासमोर मान डोलावून बसलोय. आता कोणत्या तोंडाने विचारू?"

माळ्यावर माल चढला, त्या दिवशी काका शिडीवरच होते. तुळईची खालची पट्टी आणि खांब यांच्यामधल्या फटीत आधी सहज सरकणारा पत्र्याचा तुकडा आता अडकत होता. वरच्या फटीत तो सैल झाला होता. ओळंबा लावून पाहिला, तर खांब सरळ. त्यांनी फोन लावला.

"मॅडम, खालची फट आवळली, वरची उघडली. बिघडलं का काही?"

"नाही काका. तेच व्हायला हवं होतं."

"बरं," काका म्हणाले. "पण मग पलीकडचं टोक का जखडलं?"

"तिकडचा खांब नवा आहे, दणकट आहे."

हे थोडं पटलं, थोडं डोक्यावरून गेलं. पुढच्या कामाचा नकाशा आला तेव्हा मात्र काका यंत्राला हात न लावता आधी ऑफिसात गेले आणि एकेका टोकावर बोट ठेवून विचारू लागले, "हे जखडायचं, का फिरू द्यायचं?"