आत्याचं पिंपळपान

परवा अशोकदादा आमच्या राजारामपुरीच्या घरी आला... बारा वर्षांनी. पेठ वडगावहून, लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन.

दादा म्हणजे माझ्या आत्याचा एकुलता एक मुलगा. घरात शिरताच त्याची नजर भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली. जाळीदार पिंपळपान, त्यावर सोनेरी रंगात बुद्ध... आत्यानं बोधगयेत दहा पानं उलटसुलट करून निवडलेलं.

त्या प्रवासाला आत्या, माझे वडील आप्पा आणि मी, एवढेच होतो. मी तेव्हा कॉलेजात. येताना गाडीत आत्याचा ताप चढत गेला. मधल्या एका स्टेशनवर तिला उतरवलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वडगावला फोन लागेना. दुसऱ्या दिवशी आप्पांनी तिथंच अग्नी दिला आणि आम्ही अस्थी घेऊन परतलो... "माझ्या आईला परक्या गावात जाळून आलासा," एवढं बोलून दादा गेला, तो गेलाच.

परवा आप्पांनी पत्रिका वाचून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "अशोक, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. ताप तिला गयेतच आलता. डॉक्टर म्हणालेला, दोन दिवस थांबा. रिझर्व्हेशन जाईल म्हणून मीच तिला गाडीत बसवली."

मला हे माहीत होतं... डॉक्टर बोलले तेव्हा मी शेजारीच उभी होते. बारा वर्षं मीही तोंड उघडलं नाही.

दादाच्या चहावर साय धरली. आता हा उठून जाणार, असं मला वाटलं... शेवटी त्यानं विचारलं, "मामा, त्या झाडापाशी पोचली हुती का ती?"

"व्हय. दुपारभर बसली हुती. मी चल म्हणालो तर म्हणाली, बस की जरा, मन भरलं न्हाय अजून."

दादानं तोंडावर रुमाल धरला. आप्पा खुर्चीवर चढले आणि त्यांनी फ्रेम स्वतः उतरवली... मला हात लावू दिला नाही.

माफ केलं, असं दादा म्हणाला नाही. आप्पांनीही माफी मागितली नाही. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम घेऊन दादा निघाला, तेव्हा आप्पा त्याच्या मागोमाग रिक्षापर्यंत गेले. "लग्नाला या," एवढंच तो म्हणाला.

आत्या आप्पांमुळे गेली का, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण आमच्या घरात आता तिचं नाव घेता येतं... दादाचे उपकारच म्हणायचे.