शंभराचा ब्रेकर

आमच्या जीपच्या विंचला ब्रेकर बसवायचा हट्ट माझा, आणि दादाचा त्याला विरोध. नाक्यावर याची जी गोष्ट सांगतात ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी मी चार वर्षं पोटात ठेवली.

कनेरगाव नाक्यावर आम्हा दोघा भावांचं गॅरेज. दुरुस्तीपेक्षा रुतलेल्या गाड्या ओढायचंच काम जास्त. इकडच्या काळ्या मातीत ट्रॅक्टर काय, ट्रक काय, रुतला की रुतला. मग आमची जीप जायची. तिच्या पुढच्या बंपरवर विंच, म्हणजे बॅटरीवर फिरणारा रहाटच. वायररोपचा आकडा त्या गाडीला अडकवायचा, रिमोट मी दाबायचा, आणि दादा बॉनेट उघडून उभा राहायचा. बॅटरीकडून विंचकडं जाणाऱ्या जाड केबलवर त्याचा उजवा तळहात. केबल तापली की म्हणायचा, "थांब. दम खाऊ दे तिला." मग चहा. पाच-दहा मिनिटांनी परत हात ठेवायचा. "हां, होऊ दे." एवढ्यावर आमची मोटर वर्षानुवर्षं जळाली नाही, हे कबूल केलं पाहिजे.

पण एकदा केबलचं रबर वितळून धूर निघाला, आणि माझ्या मनात भीती बसली. ब्रेकर ही साधी डबी असते. करंट जास्त झाला की आपोआप तोडते. मी म्हटलं, "दादा, नुसत्या हातावर किती दिवस चालवायचं?"

"अन् ऐन ओढीत तोडलं त? तुही डबी खाली उतरून धक्का देणार हाय का?"

माझं डोकं सटकलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तो मीच. दादा तीन दिवस सोयऱ्यांच्या लग्नाला गेला, तेवढ्यात नांदेड गाठलं. आमच्या विंचला अडीचशे अँपिअरचा ब्रेकर लागत होता. दुकानात होता शंभराचा. मोठा आठ दिवसांनी येईल, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण आठ दिवस कोण थांबतो? दादा यायच्या आत मला करून दाखवायचं होतं. शंभराचाच आणला, बॅटरीशेजारी पत्र्यावर कसून बसवला, आणि विंच फिरवून पाहिली. झकास चालली. रिकामी विंच चालणारच की!

दादानं आल्यावर बॉनेट उघडलं, डबीकडं बघितलं, आणि काही न बोलता लावून टाकलं. मला वाटलं, रुसला असेल, दोन दिवसांत निवळेल.

त्याच आठवड्यात ओल्या हळदीची एक ट्रॉली पाटाच्या पाण्यानं झालेल्या चिखलात बसली. आम्ही आकडा लावला. ट्रॉली वीतभर सरकली आणि टक्! ब्रेकर पडला. खटका उचलला, परत टक्. तिसऱ्यांदा तेच. भोवती गाव जमलेलं. कुणीतरी ओरडलं, "काय मिस्त्री, लाइन गेली का?" सगळे हसले. ज्या माणसानं पंचक्रोशीतल्या गाड्या ओढून काढल्या, त्याच्यावर हसले.

दादानं पेटीतला पाना काढला आणि ब्रेकरला केबल जोडलेल्या दोन्ही बोल्टांवर आडवा दाबून धरला, म्हणजे करंट डबी टाळून पान्यातूनच जाणार. आपल्याकडं हेच चालतं. घरचा फ्यूज उडाला की तार गुंडाळायची, ब्रेकर पडला की त्याला वळसा घालायचा. मीही शंभरदा केलंय. दादा ओरडला, "दाब!" आणि मी दाबलं. न दाबता आलं असतं, पण मी दाबलं.

ट्रॉली निघाली. पाना लालबुंद होऊन बोल्टांना चिकटला, आणि दादाचा हात पान्याला.

हिंगोलीच्या दवाखान्यात मांडीची कातडी काढून तळहाताला लावली. जखम भरली, पण बोटं नीट मिटेनात, आणि तळव्याला थंड-गरम कळेना. भेटायला येईल त्याला दादा सांगायचा, "धाकटा बराबर होता. मीच अक्कल गहाण ठेवली." लोक माझी पाठ थोपटायचे. मी मान डोलवायचो. लाज वाटते सांगायला, पण डोलवायचो. अडीचशेचा असता तर तो त्या दिवशी पडलाच नसता, हे मी कुणाला बोललो नाही. नंतर गुपचूप मोठा बसवला. बैल गेला अन् झोपा केला. दादानं जीपची चावी माझ्या हातात दिली आणि कुरुंद्याला लेकीकडं राहायला गेला.

चार वर्षं झाली. ब्रेकर आपलं काम चोख करतो, काही तक्रार नाही. पण विंच सुरू केली की माझी मान आपोआप बॉनेटकडं वळते. तिथं कुणी नसतं. मधेच विंच थांबवून मी चहा मागवतो आणि बंपरला टेकून एकटा पितो. दादाची इतकी आठवण येते की रडू येतं. फोन करायचो. जेवला का, हळद कशी हाय, एवढं बोलून फोन ठेवून द्यायचो. ये म्हणायचं तर आधी खरं सांगायला हवं होतं.

यंदा कुरुंद्याला गेलोच. दादा वाळत घातलेल्या हळदीजवळ बसला होता. मी चपला काढायच्या आधीच बोलून टाकलं, "दादा, तो ब्रेकर लहान होता. मला ठाऊक होतं."

"मलाबी ठाऊक होतं," तो म्हणाला. "लग्नाहून आलो तवाच वाचलं. डबीवर लिहेल होतं की. डबीच खोटी, म्हणून त पाना टाकला."

"मग बोलला काहून न्हाई?"

"तुला तिथं धंदा करायचा हाय. लोकांपुढं तुला कशाला उघडं पाडू? म्हटलं, मला त सांगशील. दवाखान्यात वाटलं, आज सांगशील. इथं आलो तवा वाटलं, फोनवर सांगशील."

मला रडू आवरेना. त्याचा तो हात धरून म्हटलं, "चल दादा नाक्यावर. काम नको करू, नुसता उभा राह्य. मला तुझ्याबिगर करमत न्हाई."

"पहिलं वर्ष मी रोज सकाळी कापडं घालून तयार बसायचो," दादा म्हणाला. "जीप येईल म्हणून. मग लेक म्हणाली, आबा, रोज तयार होताच, त पोरीला शाळेत तरी सोडत जा." त्यानं उन्हाकडं बघितलं आणि डाव्या हातावर भार देत उठला. "नातीची शाळा सुटायची येळ झाली. माझ्याबिगर ती दुसऱ्या कुणासंग येत न्हाई. हळदीवर शेळ्या येतात, तेवढं बघ."

तो रस्त्यानं निघून गेला. मी शेळ्या हाकत बसलो.