दोन डोळ्यांची कुर्ली

नलूताय गेल्याचा फोन आला तेव्हा मी मसुऱ्याच्या बाजारात खाडीतले खेकडे, आमच्या कुर्ल्या, निवडत उभा होतो. माझी मावसबहीण, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. आणि मी तिच्या आयुष्यातली सगळ्यात चिवट चूक. फोन खिशात टाकला आणि मासेवालीवर खेकसलो, "ह्यो सगळ्यो डोळे वर काढून माझ्याकडे काय बघतत?" ती म्हणाली, "मगे काय मिटून बसतल्यो?" पाच आठवडे झाले, राग काही उतरत नाही... कोणावर आहे ते आत्ता लिहिता लिहिता कळेल.

आपल्याकडे लाखेची कुर्ली म्हटलं की माणसं ताटाकडे सरकतात. ही केशरी लाख म्हणजे मादीच्या पोटात पिकणारी अंडी, आणि ती कशी पिकते ह्याच्या मागे नलूतायने हयात घालवली. ती समजावायची: मादीच्या जबड्याजवळ एक गाठ असते, ती पायरी-पायरीने एक संप्रेरक तयार करते, त्याने लाख भरते. पण डोळ्यांच्या देठातून सारखा निरोप येत असतो, 'अजून नको.' तो आला की गाठीतली शेवटची पायरी अडते. कुर्ल्यांची पिल्लं काढून विकणाऱ्या हॅचरीवाल्यांनी ह्यातून एवढंच उचललं की मादीचा एक डोळा देठासकट छाटायचा. निरोप अर्धा झाला, अंडी लवकर. नलूतायचं म्हणणं होतं की खाणं, पाणी, उजेड, अंधार नीट सांभाळा, निरोप आपणहून थांबतो. तो थांबेपर्यंत आपण थांबायचं, बस.

ह्या थोर संशोधनात माझंही योगदान आहे. एकदा ती देवगडला गेली होती आणि तिच्या पडवीतल्या कुर्ल्यांच्या टाकीची चावी माझ्याकडे. नेमके मुंबईचे पाहुणे टपकले. टाकीत एक मादी अशी भरलेली, की मी म्हटलं एक गेली तर काय कळतंय हिला! तिचं सांबारं अप्रतिम झालं. नलूताय परतली, टाकीत वाकून पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"खाल्लंस मेल्या?"

"एकच खाल्लंय गो."

"डोळे खंय आसत तिचे?"

मी उकिरड्याकडे बोट दाखवलं. एम.एस्सी. झालेली ती बाई करवंट्या आणि कोंबड्यांमध्ये बसून दोन डोळे शोधत राहिली. सापडले नाहीत. दोन्ही डोळे शाबूत ठेवून लाख भरलेली तिची ती पहिली मादी होती, हे तिने मला वर्षभराने सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग दुखणं आलं. डॉक्टरांनी मुदत सांगितली तेव्हा टाकीत नव्या चार माद्या होत्या आणि पोटं कोरी. मी शहाणपणा केला, "ताय, एकीचो डोळो काप. निदान तुझ्या डोळ्यांदेखत अंडी तरी दिसतली." ती उशीवरून म्हणाली, "घाई माका आसा, तिका नाय. मी कापूचंय नाय." ...हा तो राग. तिच्यावरच आहे.

उरलेला शोकसभेत आला. आयुष्यभर तिला 'कुर्ल्यांची आई' म्हणून हसलेला खाडीपलीकडचा हॅचरीवाला हार घालून म्हणाला, "मॅडमचं कार्य आम्ही पुढे नेऊ." खाली उतरून माझ्या कानाला लागला, "त्या चार माद्या पाठवा भाई. एकेक डोळा काढला की पंधरवड्यात काम. दुखत नाही हो त्यांना."

"मगे तुझोच एक काढूया. बघूया दुखता काय!"

त्याच्या हातातला माइक चालूच होता. मागच्या बाकावरून हसू फुटलं. आता असल्या सभांना मला कोणी बोलवत नाही.

माद्या मी पाठवल्या नाहीत. रोज सकाळी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, मांस टाकतो, पाणी बदलतो, बोटं चावून घेतो. गेल्या सोमवारी एकीला उलटी-सुलटी करताना, पाठीचं कवच आणि शेपटीचा पडदा जुळतो त्या फटीत, नलूतायने शिकवलं होतं तसं दाबून पाहिलं. केशरी. गच्च केशरी. मी कुर्ली बादलीत घातली आणि तडक खाडीपलीकडे. त्याच्या टेबलावर बादली आपटली.

"मोज डोळे."

त्याने वाकून पाहिलं. प्रामाणिक माणूस, खोटं नाही बोलला. "दोन आहेत," म्हणाला. आणि मग, "पण एवढा वेळ कोणाकडे आहे भाई?"

ज्या बाईकडे वेळ उरलाच नव्हता, ती थांबली होती. हे त्याला सांगत बसलो नाही. बादली उचलून परत आलो.

कुर्ली सध्या पडवीतल्या टाकीत आहे. वाळूत अर्धी रुतून, डोळे बाहेर काढून बसलेली असते. नलूतायच्या वहीत मी तारीख घातली, पुढे 'लाख' असं लिहिलं आणि डोळ्यांच्या रकान्यात 'दोन'. अंडी कधी सोडणार, विचारू नका. घाई असेल त्याने पुढे जावं.